समाधानाचें माप

आगगाडींत शेजारीं बसलेल्या गृहस्थानें "आपला व्यवसाय काय?" असें विचारलें म्हणजे माझी मोठी पंचाईत होते. 'प्राध्यापक' एवढ्या उत्तरावर तो थांबला तर ठीक, पण "विषय कोणता?" हा दुसरा प्रश्न पाठोपाठ येतोच. गणित, इतिहास, संस्कृत अशीं सुटसुटीत उत्तरें ज्यांना देतां येतात त्यांचा मला हेवा वाटतो. माझ्या विषयाचें इंग्रजी नांव ऑर्गनायझेशनल बिहेविअर. मराठी पत्रकांत तें 'संघटनात्मक वर्तन' असें छापलें जातें, आणि तें ऐकून एका सद्गृहस्थांनीं "म्हणजे आपण युनियनवाल्यांना शिस्त लावतां काय?" असें मोठ्या आशेनें मला विचारलें होतें. शेवटीं माझ्या आत्याबाईंनीं यावर तोडगा काढला. "हा कारखान्यांत जातो, आणि सुखी आहांत का म्हणून लोकांना विचारून येतो," असें त्या आल्यागेल्याला सांगत, आणि वर पुस्ती जोडीत, "त्याबद्दल ह्याला पगार मिळतो!" जवळ जवळ चाळीस वर्षें हा विषय शिकण्याशिकविण्यांत घालवून मी आतां निवृत्त झालों आहें; पण आत्याबाईंच्या व्याख्येहून नेमकी व्याख्या मला कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत आढळली नाहीं.

सुख विचारावयाचें कसें, हा या शास्त्रापुढचा आद्य प्रश्न. अमेरिकेंत रेन्सिस लिकर्ट या तरुण संशोधकानें १९३२ सालीं त्यासाठीं एक मोजपट्टी काढली. एखादें विधान समोर ठेवावयाचें आणि पूर्ण संमत, संमत, अनिश्चित, असंमत, पूर्ण असंमत अशा पांच पायऱ्यांपैकीं एकीवर माणसाला उभें करावयाचें. पुढें तीनच वर्षांनीं रॉबर्ट हॉपॉक यांनीं 'जॉब सॅटिस्फॅक्शन' याच नांवाचा ग्रंथ लिहिला. तेव्हांपासून आजपर्यंत जगांतल्या किती माणसांनीं किती कागदांवर या पांच घरांतल्या एका घरांत खूण केली असेल, त्याची गणती करणें अशक्य आहे. किराणा-दुकानांतल्या तराजूइतकी ही पट्टी आमच्या व्यवसायांत रूढ झाली आहे. आणि तराजूविषयीं ज्याप्रमाणें गिऱ्हाईक सहसा शंका घेत नाहीं, त्याप्रमाणें आम्हीहि घेत नाहीं.

मला शंका आली ती एका शब्दामुळें. १९८१ सालीं माझ्या प्रबंधासाठीं गिरणगांवांतल्या एका कापडगिरणींत मला कामगारांच्या मुलाखती घ्यावयाच्या होत्या. प्रश्नावली अर्थात् इंग्रजी होती. तिचें मराठी मला करावयाचें होतें. 'सॅटिस्फॅक्शन' याला 'समाधान' हा प्रतिशब्द कोशांत मिळाला, मार्गदर्शकांनाहि तो पसंत पडला. मला मात्र तो लिहितांना खटकत होता, आणि तसें मीं त्यांना सांगितलेंहि होतें. त्यांचें म्हणणें असें कीं, प्रमाणित प्रश्नावलींत फेरफार केल्यास इतर देशांतल्या निष्कर्षांशीं तुलना करतां येणार नाहीं. हेंहि खोटें नव्हतें.

साळखात्यांतले एक सांचेवाले माझ्यापुढें येऊन बसले. पन्नाशी उलटलेली, गळ्यांत तुळशीची माळ, कानांत सांच्यांच्या खडखडाटामुळें आलेला थोडा बधिरपणा. मीं मोठ्यानें प्रश्न वाचला : "एकंदरींत आपल्या कामाविषयीं आपण कितपत समाधानी आहांत?" ते क्षणभरहि थांबले नाहींत. "पूर्ण समाधानी लिवा, मास्तर. माणसानं समाधान मानावं." बाकीच्या प्रश्नांचाहि असाच झपाट्यानें निकाल लागला. मग चहा आला, कागद मीं बाजूला ठेवला, आणि त्यांचें बोलणें सुरू झालें. कापूस हलका आल्यामुळें सूत कसें पदोपदीं तुटतें, तुटल्यामुळें कापड कमी उतरतें, कापड कमी उतरल्यामुळें पगार कापला जातो आणि बोल मात्र विणणाऱ्याला लागतो. धाकटा मुलगा दोन वर्षें बदली म्हणून रोज सकाळीं गिरणीच्या दरवाजाशीं उभा राहतो आणि महिन्यांतले निम्मे दिवस परत येतो. कोणाला काम द्यावयाचें हें कोणाच्या मर्जीवर अवलंबून असतें, हें सर्व त्यांनीं आवाज न चढवितां सांगितलें. मीं विचारलें, "बाबा, मग मघां पूर्ण समाधानी असें कां सांगितलंत?" ते माझ्याकडे जरा नवलानें पाहत म्हणाले, "तुम्ही मला माझ्याबद्दल विचारलंत. गिरणीबद्दल कुठं विचारलंत?"

या एका वाक्यावर मीं पुढचीं अनेक वर्षें विचार केला आहे, असें म्हटलें तर त्यांत अतिशयोक्ति नाहीं. इंग्रज माणसाला सॅटिस्फॅक्शन मिळतें किंवा मिळत नाहीं. तें बाहेरून येणारें आहे, आणि न आल्यास तें मागतां येतें. एके काळीं तर तें तलवारीनें किंवा पिस्तुलानें मागण्याची तिकडे रीत होती! आपल्याकडे समाधान 'मानावयाचें' असतें. उपकार मानावे, आभार मानावे, वडिलांची आज्ञा मानावी, त्याच पंक्तींत समाधानहि बसलें आहे. संतांनीं त्याची थोरवी गाइली. रामदासांच्या दासबोधांत तो शब्द किती ठिकाणीं येतो हें वाचकांना ठाऊकच आहे. घराघरांतून तो मुलांना शिकविला गेला. म्हणजे समाधान हा कामाचा गुण नव्हे, माणसाचा गुण झाला. आणि असमाधानी असणें हा दुर्गुण. अशा भाषेंत वाढलेल्या माणसाला "तूं समाधानी आहेस का?" असें विचारणें म्हणजे "तूं सुसंस्कृत आहेस का?" असें विचारणेंच होय. पांच पायऱ्यांच्या पट्टीवर तो सर्वांत वरच्या पायरीवर जाऊन उभा राहतो, आणि आपण मोजून आणतों ते त्याच्या आईबापांचे संस्कार.

याच्या उलट 'तक्रार' हा शब्द पाहा. मुळांत तो अरबी. त्याचा तिकडचा अर्थ नुसता 'पुनरुक्ति' असा आहे. तीच तीच गोष्ट पुनः पुनः सांगणारा तो तक्रारखोर! आपल्या भाषेंत येतांना शब्दांनीं काय काय अंगावर लेवून यावें याला धरबंध नाहीं.

माझ्या त्या गिरणींतल्या बहुतेक कामगारांनीं 'समाधानी' आणि 'पूर्ण समाधानी' याच दोन घरांत खुणा केल्या होत्या. पुढें कांहीं महिन्यांतच, १८ जानेवारी १९८२ या दिवशीं, मुंबईच्या गिरण्यांचा तो प्रचंड संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले आणि त्यांत माझे पूर्ण समाधानी लोकहि होते. माझे मार्गदर्शक विद्वान् होते, आणि मनानें कठोर नव्हते. पण मुलाखतींनंतर चहावर झालेल्या गोष्टींचें एक प्रकरण मीं प्रबंधाला जोडलें होतें, तें त्यांनीं 'अप्रमाणित सामग्री' म्हणून वगळावयास लावलें. आंकडे राहिले, माणसें गेलीं. प्रबंधास पदवी मिळाली. गिरण्यांचें आणि त्या सांचेवाल्या बाबांचें पुढें काय झालें, तें मुंबईकरांना सांगावयास नको. आज त्या भागांत चिमण्यांच्या जागीं कांचेचे मनोरे उभे आहेत, आणि त्या मनोऱ्यांतून बसलेल्या तरुणांना दरवर्षीं एक प्रश्नावली भरावी लागते.

वगळलेल्या त्या प्रकरणाच्या शोकांत असतांनाच मीं हॉथॉर्नचा वृत्तान्त मुळांतून वाचला. शिकागोजवळ सिसरो या गांवीं वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनचीं यंत्रें बनविणारा तो अवाढव्य कारखाना. आमच्या शास्त्राची ती काशीच म्हणाना. उजेड वाढविला असतां काम वाढतें कीं काय, हें पाहण्यासाठीं १९२४ मध्यें तेथें प्रयोग सुरू झाले, आणि १९२७ पासून पांचसहा मुलींना एका स्वतंत्र खोलींत बसवून त्यांच्या कामाची मोजणी झाली. विश्रांति दिली, काम वाढलें. दिवस लहान केला, काम वाढलें. कोणीतरी आपल्याकडे आस्थेनें पाहत आहे एवढ्यानेंच माणूस खुलतो, असा त्या प्रयोगाचा महिमा पुढें सर्वत्र गाइला गेला. त्यांतल्या दोन मुली फार बोलतात आणि मन लावून काम करीत नाहींत म्हणून १९२८ च्या जानेवारींत त्यांना काढून त्यांच्या जागीं दुसऱ्या आणल्या होत्या, ही गोष्ट मात्र वर्गांत सांगण्याचा प्रघात नाहीं. मी सांगत असें. आस्थेनें पाहणाऱ्यांच्या खोलींतूनहि बडबड करणारीला बाहेर जावें लागतें, हें व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कळलेलें बरें.

पण मला त्या वृत्तान्तांत खरी गोडी वाटली ती पुढच्या भागाची. १९२८ पासून १९३० पर्यंत त्या कारखान्यांत सुमारें २१,००० कामगारांच्या मुलाखती घेण्यांत आल्या. आरंभीं मुलाखत घेणाऱ्यांच्या हातीं ठरीव प्रश्न होते : देखरेख कशी आहे, जागा कशी आहे, काम कसें वाटतें. कामगार दोन शब्दांत उत्तर देत, आणि मग भलत्याच गोष्टी बोलूं लागत. मुलाखत घेणारा त्यांना वळवून मूळ प्रश्नावर आणी. ते पुन्हां निसटत. अखेर तेथल्या शहाण्या माणसांनीं प्रश्नच सोडून दिले. कामगार जें बोलेल तें ऐकावें, मध्यें बोलूं नये, उपदेश करूं नये, असा नियम केला. आणि अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासाची झाली. माझ्या गिरणींतला चहा आणि हा दीड तास यांत मला सख्खें नातें दिसलें. १९८१ त मला जें वगळावें लागलें, तें पन्नास वर्षांपूर्वीं सिसरोमध्यें शास्त्र म्हणून स्वीकारलें गेलें होतें!

माझा हा आनंद मात्र फार टिकला नाहीं. त्या ऐकलेल्या गोष्टींचें पुढें केलें काय? एल्टन मेयो आणि त्यांचे सहकारी यांनीं असा सिद्धान्त काढला कीं, तक्रार ही पुष्कळदां वस्तुस्थितीविषयीं नसून तक्रार करणाऱ्याच्या मनाविषयीं असते. तें मोकळें झालें कीं तक्रार मावळते. हें सर्वस्वीं खोटें नाहीं, हें कोणत्याहि संसारी माणसास पटेल. परंतु त्याचा व्यवहारांतला परिणाम असा झाला कीं, १९३६ पासून त्या कारखान्यांत ऐकून घेण्यासाठीं पगारी समुपदेशक नेमले गेले. त्यांनीं सर्व ऐकावें, गुप्त ठेवावें, पण ऐकलेल्यावर कांहींहि करण्याचा त्यांना अधिकार नसावा. सूत तुटतें आहे, ऐकून घ्या. पण कापूस बदलूं नका!

हें सर्वत्र असेंच झालें असें नव्हे, आणि माझ्या शास्त्राची केवळ निंदा करण्यासाठीं मीं लेखणी उचललेली नाहीं. अहमदाबादेची हकीकत मला नेहमीं उभारी देत आली. तेथें कॅलिको मिलमध्यें स्वयंचलित सांचे आले होते. तरी अपेक्षेप्रमाणें कापड वाढेना आणि खराबी कमी होईना. १९५३ सालीं लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथें आले. त्यांनीं पाहिलें कीं, २२४ सांच्यांवर २९ माणसें बारा निरनिराळीं कामें करीत आहेत. कोणाचें काम कोणाशीं बांधलेलें आहे याचा पत्ता नाहीं, आणि कोणा एकाच्या ताब्यांत कांहींच नाहीं. लहान लहान तुकड्या कराव्या आणि प्रत्येक तुकडीकडे कांहीं सांचे संपूर्ण सोंपवावे, अशी कल्पना त्यांनीं मांडली. ती मांडतांच कामगारांनीं आणि जॉबरांनीं ती त्यांच्या हातांतून जणूं काढूनच घेतली, आपल्या तुकड्या आपणच निवडल्या, आणि सात माणसांनीं ६४ सांचे सांभाळावे अशी योजना स्वतःच उभी केली. कापड वाढलें, खराबी उतरली. येथें कोणाला समाधानाचा प्रश्न कोणीं घातला नव्हता. सांच्यांविषयीं विचारलें, आणि सांच्यांविषयीं उत्तर मिळालें. सतरा-अठरा वर्षांनीं राइस यांच्या सहकाऱ्यांपैकीं एरिक मिलर यांनीं पुन्हां जाऊन पाहिलें, तेव्हां एका खात्यांत ती पद्धति टिकून होती, इतरत्र बाजाराच्या आणि वरिष्ठांच्या दडपणाखालीं ती विरून गेली होती. ती गिरणीहि पुढें बंद पडली. तरी पण मी तो ग्रंथ अद्याप अधूनमधून काढून वाचतों.

आणि मग मनांत येतें, कीं कामगारांच्या क्षेमाची पहिली प्रश्नावली खरोखर मुंबईंतच तयार झाली, आणि ती कोणा प्राध्यापकानें केलेली नव्हती. १८८४ च्या सप्टेंबरांत 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा एक अर्ज सिद्ध झाला. दर रविवारीं सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विश्रांति असावी. सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम असावें. पगार महिन्याच्या १५ तारखेच्या आंत मिळावा. काम करतांना दुखापत झाल्यास बरें होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावें. एवढेंच मागणें! 'समाधान' हा शब्द त्यांत नाहीं, त्याची गरजहि नाहीं. रविवारची सुटी मालकांकडून पदरांत पडावयास १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. आज रविवारीं उशीरां उठणाऱ्या किती सुशिक्षितांना या गोष्टीची आठवण असते, तें देव जाणे.

संस्कृतांत आपल्याकडे एक फार सुरेख शब्द आहे : योगक्षेम. जें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें तें राखणें हा क्षेम. मुंबईंतल्या आयुर्विमा महामंडळाच्या इमारतीला तें नांव आहे, आणि विम्याच्या हप्त्यापलीकडे त्याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. परंतु नोकरींत माणसाला योगापेक्षां क्षेमाची चिंता अधिक असते, आणि क्षेमाचा संबंध शरीराशीं आहे. लंडनमधल्या सुमारें १८,००० सरकारी नोकरांची पाहणी १९६७ पासून झाली. तींत सर्वांत खालच्या पायरीवरच्या पुरुषांचें मृत्युमान सर्वांत वरच्या पायरीवरच्यांच्या सुमारें तिप्पट आढळलें. ही सारी कारकुनी पेशाची माणसें. उपाशी कोणी नव्हता. तंबाखू वगैरे कारणांनींहि फरकाचा थोडाच भाग उलगडला. १९८५ त सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणींत मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असें दिसलें कीं, आपल्या कामावर ज्याचा ताबा कमी, त्याच्या हृदयाला धोका अधिक. अहमदाबादेच्या कामगारांनीं हात पुढें करून जें घेतलें, तें हेंच नव्हे काय?

हिंजवडीच्या एका मोठ्या कचेरींत माझी भाची काम करते. तेथें योगासनांचे वर्ग आहेत, फळें फुकट मिळतात, आणि दर तीन महिन्यांनीं मनःस्वास्थ्याची प्रश्नावली पडद्यावर येते. नांव लिहावयाचें नसतें. फक्त विभाग, वय, स्त्री कीं पुरुष, आणि नोकरीचीं वर्षें एवढेंच विचारतात. "मामा, आमच्या विभागांत पस्तिशीच्या पुढची बाई मी एकटीच," ती म्हणाली. मीं विचारलें, "मग तूं काय भरतेस?" "चार. पांच भरले तर खोटं वाटतं, आणि तीन भरले तर बोलावणं येतं." या उत्तरांत जेवढें शास्त्र आहे तेवढें कित्येक नियतकालिकांच्या अंकांत मला मिळालेलें नाहीं. २०२३ सालीं एका थोर उद्योगपतींनीं तरुणांनीं आठवड्यास ७० तास काम करावें असा उपदेश केला, तेव्हां तिच्या कचेरींत त्यावर पुष्कळ विनोद झाले म्हणे. प्रश्नावलींत मात्र त्याविषयीं एकहि प्रश्न नव्हता. ५५ तास किंवा अधिक काम करण्याचा परिणाम होऊन २०१६ या एका वर्षांत जगांत ७ लक्ष ४५ हजार माणसें हृदयविकारानें व पक्षाघातानें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनीं २०२१ मध्यें केलेला हिशेब मीं तिला दाखविला. "हें आमच्या साहेबांना पाठवूं का?" असें ती म्हणाली, आणि आम्ही दोघेंहि हंसलों. तिनें तो पाठविला नाहीं, हें सांगावयास नकोच.

साहेबांच्या परवानगीवांचून कारखान्याचें दार आम्हां संशोधकांना उघडत नाहीं, हें आमच्या व्यवसायाचें जन्मजात वैगुण्य. ज्याच्या घरीं जेवावें त्याच्या स्वयंपाकाची परीक्षा तरी कशी लिहावी? मीं आपल्यापुरता एक मार्ग काढला. नोकरीच्या शेवटच्या दहाबारा वर्षांत मी समाधानाच्या प्रश्नाखालीं आणखी एक प्रश्न घालीत असें : "आपल्या मुलानें किंवा मुलीनें हेंच काम करावें असें आपणांस वाटतें काय?" स्वतःपुरतें समाधान मानावें असें आपल्या लोकांना वाटतें, मुलाच्या वतीनें तें मानण्याची सक्ति कोणत्याहि संतानें केलेली नाहीं. या प्रश्नापाशीं पेनें थांबत. माणसें वर पाहत. ठाण्याकडच्या एका औषधांच्या कारखान्यांत डबे भरणाऱ्या बाईंनीं पहिल्या प्रश्नाला 'पूर्ण समाधानी' अशी खूण करून या प्रश्नापुढें 'नाहीं' असें एवढ्या जोरानें लिहिलें कीं, कागदाच्या मागच्या बाजूस तीं अक्षरें हाताला लागत होतीं. तो कागद माझ्या कपाटांत आहे.

या दोन उत्तरांतल्या अंतराविषयीं मीं एक निबंध लिहून परदेशच्या एका नियतकालिकाकडे धाडला. परीक्षकांनीं तो लक्षपूर्वक वाचला होता, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. पहिला प्रश्न प्रमाणित आहे, दुसरा नाहीं. सबब दुसरा प्रश्न गाळल्यास निबंध स्वीकारतां येईल, असें त्यांनीं सौजन्यानें कळविलें. मीं निबंध परत मागविला. प्रश्न अद्याप विचारीत असतों. निवृत्त झाल्यापासून मात्र रिक्षावाले, बँकेंतले कारकून आणि दवाखान्यांतल्या परिचारिका यांना, आणि अर्थात् कागदाशिवाय.